परसातील हळदीच्या उत्पन्नाचा अंदाज

हळद काढणीस आली की घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा माल किती होईल? उत्तर बहुधा ओल्या ढिगाकडे पाहून दिले जाते. त्याच आकड्यावर उधारी फेडण्याचे वायदे होतात किंवा उभे पीक उक्ते विकले जाते. पुढे शिजवून वाळविलेली हळद तराजूत पडते, तेव्हा ती ढिगाच्या पाचव्या हिश्श्याइतकीच भरते. दोष पिकाचा नसून हिशेबाचा असतो. हा हिशेब काढणीच्या तोंडावर घरच्या घरी कसा करावा, ते येथे सांगितले आहे.

अंदाजाची वेळ

लागवडीपासून आठ ते नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळू लागतात. गड्डे व हळकुंडे शेवटच्या महिन्यांत पोसत असल्यामुळे त्यापूर्वी केलेला अंदाज फसवा ठरतो. कोवळी हळद वाळल्यावर अधिक घटते, हेही ध्यानात ठेवावे.

नमुना कसा घ्यावा

प्रथम उभे कंद मोजावेत. तुटीच्या जागा धरू नयेत. नंतर ओळींचे क्रमांक एका मडक्यात व ओळीतील कंदांचे क्रमांक दुसऱ्या मडक्यात चिठ्ठ्यांवर लिहून टाकावेत आणि दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढावी. त्या जागी तूट असल्यास नव्याने चिठ्ठ्या काढाव्यात. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या परत मडक्यात टाकून असे दहा कंद निवडावेत, ते खणावेत, माती व मुळ्या काढून वजन करावे.

चिठ्ठ्यांचा हा खटाटोप अनाठायी नाही. डोळ्यांनी निवड केली की हात जोमदार कंदाकडेच जातो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात भारतीय कृषि संशोधन परिषदेत पीक कापणीच्या पाहणीसाठी जागा यदृच्छेने निवडण्याच्या पद्धतीवर भर दिला. फार लहान तुकडा कापल्यास सीमेवरची झाडे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणून परसात तुकडा न कापता कंदच मोजणे बरे.

हिशेबाचे उदाहरण

समजा, एका गुंठ्यात ६०० कंद उभे आहेत व दहा कंदांचे वजन ५ किलो भरले. एका कंदास अर्धा किलो, म्हणजे एकूण ओली हळद ३०० किलो झाली. हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बियाणे लागते. त्या मानाने पुढील वर्षाच्या एका गुंठ्यासाठी २५ किलो निरोगी जेठे गड्डे बाजूस काढावेत. उरली २७५ किलो.

ओल्या १०० किलोंपासून जात, जमीन व पक्वता यांनुसार साधारण १८ ते २२ किलो सुकी हळद मिळते. त्यानुसार हा माल सुमारे ५० ते ६० किलो होईल. वायदा करावयाचा तो ५० किलोंवर करावा, ६० वर नव्हे.

स्वतःच्या हळदीचा उतारा जाणून घ्यावयाचा असल्यास नमुन्यातील ५ किलो हळद वेगळी शिजवून दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवावी. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला की वाळवण पुरे झाले असे समजावे. वजन १ किलो भरल्यास उतारा शेकडा २० होय. मात्र हा प्रयोग होईपर्यंत सौदा थांबवावा.

पुस्तकातील आकडे

हेक्टरी २५ ते ३० टन ओल्या हळदीचा आकडा वाचून तो परसास लावू नये. तो नीट निगा राखलेल्या बागायती क्षेत्राचा आहे. झाडाची दाट सावली, साचलेले पाणी व त्यातून होणारी कंदकूज यांमुळे घरचा आकडा खाली येतो.

ग्रामसेवकांनी गावातील दोन-तीन परसांत हा प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखवावा. कंदांची संख्या, ओले वजन व सुके वजन ही तीन आकडी नोंद दरवर्षी वहीत ठेवल्यास तीन-चार हंगामांत त्या परसाचा स्वतःचा उतारा हाती येईल, आणि व्यापाऱ्यापुढे बसताना शेतकऱ्यास दुसऱ्याच्या अंदाजावर विसंबावे लागणार नाही.