तीस हजार गळे, एक हात

जुलैच्या सुरुवातीला टालिनमध्ये रात्री दहा वाजले तरी उजेड असतो. दर पाच वर्षांनी याच दिवसांत एस्टोनियाच्या या राजधानीतून एक मिरवणूक समुद्राच्या दिशेने निघते. पुढे गावाच्या नावाची पाटी, मागे त्या गावाचा गायनवृंद. कुणी शिक्षिका, कुणी शेतकरी, कुणी शाळकरी पोर. बायकांच्या अंगावर आपापल्या परगण्याचे पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी घागरे, भर उन्हाळ्यातसुद्धा. कडेला उभी असलेली माणसे आपल्या गावाची पाटी दिसली की हात उंचावतात. मिरवणूक संपायला तासन्‌तास लागतात.

हा ‘लाउलुपिदु’, म्हणजे गाण्याचा सण. देशाची लोकसंख्या 13 लाखांच्या आसपास, आपल्या नाशिक शहराहूनही कमी. त्यातले जवळपास 30 हजार लोक इथे गायला येतात, आणि बहुतेक सगळे हौशी.

सुरुवात 1869 साली तार्तू शहरात झाली. तेव्हा एस्टोनिया रशियन साम्राज्यात होता, जमीनदारी जर्मनांची. भूदासांच्या मुक्ततेला पन्नास वर्षे झाली, हे निमित्त साधून योहान वोल्देमार यानसेन या वृत्तपत्रकाराने सुमारे 800 गायक-वादक जमवले. सगळे पुरुष. कार्यक्रमात एस्टोनियन संगीतकाराच्या फक्त दोन रचना होत्या, अलेक्सांदर कुनिलेइद या तेविशीतल्या तरुणाच्या. शब्द यानसेनच्या मुलीचे, कवयित्री लिडिया कोइदुलाचे. मिश्र वृंद आले ते 1891 मध्ये.

सणाचे दिवस मोजकेच, पण खरे काम आदल्या हिवाळ्यात होते. गाण्यांची यादी सर्व वृंदांना आधीच मिळते. शाळेच्या नाहीतर गावच्या सभागृहात तालमी चालतात. मग परीक्षकांसमोर गाऊन दाखवायचे. तयारी कच्ची असेल तर टालिनची वारी हुकते. ही कडक निवड आहे म्हणूनच हा नुसता मेळा न राहता संगीत होते.

आणि ते फार अवघड संगीत आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. सत्तर मीटरवर उभ्या असलेल्याचा सूर तुमच्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात लय पुढे निघून गेलेली असते. दूरच्या आवाजाला धरून गाणारा मागे पडलाच म्हणून समजा. म्हणून इथे कानापेक्षा डोळ्यांवर विसंबायचे. उंच चौथऱ्यावर उभ्या असलेल्या संचालकाचा हात खाली आला की गायचे, शेजारपाजारच्या आवाजाने कितीही ओढले तरी. गाण्याच्या माणसाला कानावर विसंबण्याची सवय मोडणे किती जड जात असेल, हे आपल्याकडे तानपुऱ्याशी कान लावून शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

वास्तुविशारद आलार कोट्ली आणि सहकाऱ्यांनी टालिनच्या मैदानात उभारलेला कमानीचा मोठा रंगमंच 1960 साली तयार झाला. समोर गवताचा उतार, तीच प्रेक्षकांची बैठक. तोवर, मध्यंतरी स्वतंत्र झालेला देश सोव्हिएत सत्तेखाली गेला होता. 1950 च्या सणाचे तीन प्रमुख संचालक, तुदुर वेत्तिक, रिहो पात्स आणि आल्फ्रेद कारिन्दी, यांना अटक झाली होती. जुन्या राष्ट्रगीतावर बंदी होती.

कोइदुलाच्या 1869 मधल्या त्याच कवितांपैकी एकीला संगीतकार गुस्ताव एर्नेसाक्स यांनी 1944 साली नवी चाल दिली होती. 1947 च्या सणात ती गायली गेली आणि पुढे कार्यक्रमातून गाळली गेली. 1960 मध्ये, याच नव्या रंगमंचावर, ठरलेली गाणी झाल्यावर गायकांनी ती आपणहून सुरू केली. यादीत नसलेले गाणे हजारो जणांना पाठ होते. 1965 पासून ते अधिकृत कार्यक्रमात घ्यावे लागले. इतकी वर्षे ते टिकवून धरले ते गावोगावच्या तालमींनी, आणि या सणाची सर्वांत मोठी कमाई तीच आहे.

1988 च्या जूनमध्ये तरुणांनी रात्र रात्र याच मैदानात गात काढली. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला इथे जवळपास तीन लाख लोक जमले. गाण्यातून चाललेल्या स्वातंत्र्याच्या या चळवळीला ‘गाती क्रांती’ हे नाव मिळाले. 20 ऑगस्ट 1991 रोजी एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. बाल्टिक देशांच्या या गीत-नृत्य सणांना 2003 साली युनेस्कोने मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून मान दिला.

एर्नेसाक्स यांची चाल आजही सणाच्या अखेरीस येते आणि उतारावरचे सगळे उभे राहून गातात. ते स्वतः 1993 मध्ये गेले. 2004 पासून त्यांचा कांस्य पुतळा त्याच उतारावर बसलेला आहे, रंगमंचाकडे तोंड करून.