वळणावर हातांनी काय केलं?

वर्धा जिल्ह्यातल्या गिरड गावाहून निघून शर्यतीच्या खऱ्या ट्रॅकवर गाडी चालवायची, तर उत्तरेला ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हजारेक किलोमीटरवर आहे. दक्षिणेला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट (पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक), तेही जवळपास तेवढ्याच अंतरावर. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणखी लांब. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत, पण तो मुख्यतः कार्टिंगचा. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे मध्य प्रदेशातलं पिठमपूर. तिथल्या ‘नॅट्रॅक्स’च्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जून २०२१मध्ये केलं. ‘बाजा’ या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांची मुलं पिठमपूरला जातात. पण नॅट्रॅक्स हे मुळात वाहनांच्या चाचणीचं केंद्र. मनात आलं आणि गाडी घेऊन आत गेलो, असं तिथे होत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने स्पोर्ट्स कार घेतली आणि ती मोकळेपणाने चालवायची म्हटली, की गणित असं बसतं: जायला एक-दोन दिवस, यायला तेवढेच, आणि ट्रॅकवर मिळणार साधारण वीस-वीस मिनिटांची काही सत्रं. मद्रासचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. रस्त्यावरची चांगली गाडी त्याची फेरी दोन मिनिटांच्या आसपास पूर्ण करते. टायर गरम करायची पहिली फेरी आणि ब्रेक थंड करायची शेवटची फेरी वजा केली, तर एका सत्रात मनापासून चालवलेल्या फेऱ्या सात-आठच उरतात. एवढ्या लांब जाऊन मिळालेल्या या फेऱ्यांतलं घरी काय आणायचं? आठवण आणावी म्हटलं, तर वेगात असलेल्या मेंदूला फारसं आठवत नाही. ‘तिसऱ्या वळणावर गाडी मागून सुटली होती,’ एवढं आठवतं. ती का सुटली, त्याआधी पाय कुठे होता, हात कधी वळले, हे आठवत नाही. ते सांगायला गाडीत कॅमेरा लागतो. माझ्या मते दूरच्या गावच्या माणसासाठी ती चैन नाही. प्रशिक्षक सोबत घरी आणायचा तेवढा एकच मार्ग त्याच्याकडे आहे.

अशी सत्रं मिळतात तो दिवस, म्हणजे ट्रॅक-डे, ही शर्यत नव्हे, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. गाडी स्वतःची, वेग स्वतःच्या मगदुराप्रमाणे, आणि नंबर कोणालाच नाही. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, ओव्हरटेक ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच करायचा, मार्शलचा झेंडा दिसला की निमूट ऐकायचं. सकाळी गाडीची तपासणी होते आणि त्या तपासणीत कॅमेराही येतो. तो कुठे बसवलाय, कशाने बसवलाय, सुटला तर कुठे जाईल, हे पाहूनच गाडीला आत सोडतात. म्हणून कॅमेरा तपासणीच्या आधी बसवायचा. पिटमध्ये ऐनवेळी चिकटवायचा नाही.

चालत्या रेसिंग कारमध्ये कॅमेरा ठेवायची ओढ फार जुनी आहे. १९६६च्या ‘ग्रां प्री’ या चित्रपटासाठी जॉन फ्रँकनहायमरने खऱ्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांवर कॅमेरे बसवले आणि माजी विश्वविजेता फिल हिल कॅमेरा लावलेली गाडी चालवत होता. स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल मां’ चित्रपटासाठी तर १९७०च्या खऱ्याखुऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत कॅमेरे लावलेली पोर्शे ९०८ उतरवली होती. फिल्मची रिळं बदलायला ती सारखी थांबायची, त्यात अंतर कमी पडलं आणि अधिकृत निकालात तिला जागा मिळाली नाही. थेट प्रक्षेपणाची वाट ऑस्ट्रेलियाने दाखवली. १९७९मध्ये बाथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकामध्ये ‘रेसकॅम’ बसवला आणि गाडी चालवता चालवता तो प्रेक्षकांशी बोलत राहिला. फॉर्म्युला वनमध्ये हे १९८५च्या जर्मन ग्रां प्रीला आलं. रेनॉने फ्रांस्वा एस्नो या ड्रायव्हरसाठी तिसरी गाडी उतरवली, ती कॅमेऱ्यासाठीच. आपल्याकडे ३० ऑक्टोबर २०११ला बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. सचिन तेंडुलकरने चौकटीचा झेंडा फडकावून ड्रायव्हर सेबॅस्टियन फेटलचा विजय जाहीर केला, तोवर प्रत्येक गाडीवरच्या कॅमेऱ्यातून वळणं घरबसल्या बघणं आपल्या सवयीचं झालं होतं. आज तेच काम दीडशे ग्रॅमचा कॅमेरा करतो.

हे दीडशे ग्रॅम फसवे आहेत. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याच्या परिसरात सुपारी-जायफळासारखे गोल, टणक दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची लोककथा आहे. भूशास्त्र त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतं. गाडीत सैल ठेवलेल्या मालाचं तसंच होतं, फरक एवढाच की इथे क्षणात होतं. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे पन्नासपट जोर येतो. दीडशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर साडेसात किलोंचा झटका बसतो. आणि कॅमेरा नीट धरलेलाच नसेल, तर गाडी थांबते, तो ८०च्याच वेगाने पुढे जातो. पुढे चालवणाऱ्याचं डोकं असतं.

त्यामुळे पहिला नियम जोडणीचा. सर्वांत चांगली जागा म्हणजे रोल केज, अपघातात छत वाचवणारा तो पोलादी नळ्यांचा सांगाडा. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीची नळी ४५ किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि बाकीच्या ३८ किंवा ४० मिलिमीटरच्या असतात. आपल्या नळीच्या व्यासाचाच धातूचा क्लॅम्प घ्यायचा. सैल क्लॅम्पखाली रबराच्या पट्ट्या कोंबून काम भागवू नये. रबर दबत जातं आणि दुपारपर्यंत कॅमेरा मान टाकतो. नळीला भोक तर कधीच पाडू नये. ज्या नळीने जीव वाचवायचा तिलाच आपण कमकुवत करतो.

बहुतेकांच्या गाडीत रोल केज नसतो. तिथे शेजारच्या सीटच्या हेडरेस्टचे दोन पोलादी दांडे कामाला येतात. दोन्हींना पकडणारी आडवी पट्टी मिळते. तिच्यावर, दोन सीटच्या मधोमध, चालवणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर कॅमेरा बसवायचा. दाराच्या खांबाला हात लावू नका. त्याच्या आवरणात पडदा-एअरबॅग असू शकते आणि सीटबेल्टही तिथेच जोडलेला असतो. डॅशबोर्डवर, शेजारच्या सीटसमोर तर मुळीच नको. एअरबॅग तीसेक मिलिसेकंदांत फुगते, तिच्या वाटेत ठेवलेली वस्तू ती थेट आत फेकते.

काचेला चिकटणाऱ्या सक्शन कपचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कागदावर तो भक्कम असतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या कपचं क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर, आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे पन्नास किलोंची पकड. पण हे हिशेब निर्वात पोकळी पूर्ण असेल तेव्हाचे. उन्हात उभ्या गाडीत रबर मऊ पडतं, काचेवर धुळीचा एक कण जरी राहिला तरी तिथून हवा हळूहळू आत शिरते, आणि कप सुटतो तो कुठलीही पूर्वसूचना न देता. विदर्भातल्या उन्हाची सवय असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कप वापरायचाच असेल तर काच स्पिरिटने पुसायची, प्रत्येक सत्राआधी कप काढून पुन्हा लावायचा, आणि दुसरी दोरी बांधायची. ही दुसरी दोरी, म्हणजे कॅमेऱ्यापासून गाडीच्या एखाद्या पक्क्या भागापर्यंतची पातळ स्टीलची तार, कोणत्याही जोडणीत हवीच. तिची लांबी इतकी कमी ठेवायची की सुटलेला कॅमेरा लोंबकळला तरी स्टिअरिंगपर्यंत किंवा पेडलपर्यंत पोहोचू नये. ही तार कॅमेऱ्याच्या स्टँडला नव्हे, कॅमेऱ्याला किंवा त्याच्या पिंजऱ्याला बांधायची, कारण तुटतो तो बहुधा मधला सांधाच.

थरथर हा यातला सगळ्यांत रोचक भाग. घरी येऊन रेकॉर्डिंग लावावं आणि डॅशबोर्ड जेलीसारखा हलताना दिसावा, हे नेहमीचं दुःख आहे. याचं कारण सेन्सरमध्ये आहे. बहुतेक छोटे कॅमेरे सगळं चित्र एकदम टिपत नाहीत, वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत कॅमेरा थरथरला, तर सरळ खांब वाकडा दिसतो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याआधी दांड्याच्या लांबीत शोधावा. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली, की त्याचा ताठपणा आठपट कमी होतो. वीस सेंटिमीटरच्या, तीन सांध्यांच्या हातावर टांगलेला कॅमेरा आणि पाच सेंटिमीटरच्या एका सांध्यावर बसलेला कॅमेरा यांच्या चित्रात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सांधे कमी करा, हात आखूड ठेवा. अर्धं काम तिथेच होतं.

कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण मात्र गाडीच्या आत बंद ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ते कॅमेऱ्यातल्या जायरोवर, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर चालतं. गाडी वळली की जायरोला वाटतं कॅमेरा वळला, आणि तो चित्राला उलट दिशेने ओढतो. मग वळणावर डॅशबोर्ड एका बाजूला सरकताना दिसतो, आणि नेमकं जे बघायचं होतं तेच विकृत होतं.

आता नेमकं काय बघायचं? हौशी माणूस कॅमेरा पुढच्या काचेला लावून फक्त रस्ता टिपतो. तो रस्ता छान दिसतो, पण त्यातून शिकायला फार कमी मिळतं. दोन सीटच्या मधून घेतलेल्या चित्रात समोरचं वळण, स्टिअरिंगवरचे हात, गिअरचा दांडा आणि वेगाचा काटा एकाच चौकटीत येतात. बुद्धच्या तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमधली सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या शेवटी ब्रेक कुठे लावला, गिअर किती लवकर खाली आणले, आणि वळणात शिरताना हात एकदाच वळले की तीन-तीनदा दुरुस्त करत राहिले, हे तिथे उघडं पडतं. हात वारंवार दुरुस्ती करत असतील, तर बहुतेकदा चूक हातांची नसते. ब्रेक उशिरा किंवा फार जोरात लागलेला असतो आणि गाडीचं वजन पुढच्या टायरवर अजून स्थिरावलेलं नसतं. दुसरा कॅमेरा परवडत असेल, तर तो पायांकडे लावावा, पेडलच्या वाटेपासून दूर. आपण ब्रेक एकदम सोडतो की हळूहळू उचलतो, हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो.

सेकंदाला किती चौकटी टिपायच्या, यालाही इथे अर्थ आहे. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सेकंदाला ३० चौकटी घेतल्या, तर एका चौकटीत गाडी सुमारे १.७ मीटर पुढे जाते. ६० घेतल्या तर ८३ सेंटिमीटर. ब्रेकचा बिंदू शोधायचा तर ६० घ्याव्यात. जीपीएसचंही तेच. फोनमधलं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतं, म्हणजे दर ५० मीटरला एक टिंब, आणि त्यातून वळणाची लाइन निघत नाही. सेकंदाला दहा वेळा मोजणारं वेगळं यंत्र घेतलं, की हे अंतर पाच मीटरवर येतं. प्रकाशाचं मापन चौकटीतल्या काचेवर ठेवायचं, नाहीतर कॅमेरा अंधाऱ्या डॅशबोर्डला उजळतो आणि बाहेरचा ट्रॅक पांढराफटक पडतो. ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी काचा खाली ठेवायला सांगतात, म्हणून आवाजासाठी वेगळा माइक सीटखाली, फोमच्या टोपीत. इंजिनाचा आवाज नीट आला की गिअर कुठल्या आरपीएमवर बदलला तेही कळतं.

वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून त्या सरळ, रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावर डॅशबोर्डचा काटा दाखवणारे व्हिडिओ अनेकांनी काढले. तिथे कारची मर्यादा ताशी १२० किलोमीटरची आहे. समोर मार्शल नाही, झेंडा नाही, टायर फुटला तर वेग शोषून घेणारी खडीची पट्टी नाही, आणि शेजारून कुणाचं तरी कुटुंब चाललेलं असतं. सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे आणि आपणच काढलेला व्हिडिओ आपल्याविरुद्धचा पुरावा होतो. मला कायद्याहून जास्त त्या शेजारच्या कुटुंबाची काळजी वाटते. ज्याला वेगाची ओढ आहे त्याने हजार किलोमीटर जावं. खर्च होईल, पण तिथे चूक करायला जागा आहे.

ट्रॅकवरून परतताना मूळ फाइल तशीच ठेवावी, फोनवर पाठवण्यासाठी बारीक केलेली नव्हे. तिच्याबरोबर वहीत त्या सत्राची वेळ, टायरमधली हवा आणि हवामान लिहावं. घरी पोहोचल्यावर सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत वाईट अशा दोन फेऱ्या निवडून शेजारी-शेजारी लावाव्यात, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त हात बघावेत. मग एकच वळण निवडावं. पुढच्या वेळी ट्रॅकवर उतरताना दुरुस्ती त्याच एका वळणाची करायची, बाकीची वळणं होती तशीच चालवायची.