खेळातली रात्र

खेळ आणि घड्याळ एकेकाळी एकाच डबीत नांदत होते. १९८० साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने खिशात मावेल एवढा एक खेळ बाजारात आणला, त्याचे नावच मुळी ‘गेम अँड वॉच’. गुनपेई योकोई हे त्याचे जनक. खेळणे थांबवले की त्याच पडद्यावर वेळ दिसायची. पुढे १९८९मध्ये याच कंपनीचा ‘गेम बॉय’ आला. चार पेन्सिल सेलवर चालणारा, कॅसेट बदलली की खेळ बदलणारा. तो जगभर गाजला, पण या नव्या डबीत घड्याळ नव्हते.

कुणी म्हणेल, ज्या यंत्रात सेकंदाला चाळीस लाखांहून जास्त ठोके पडतात, त्याला वेळ कशी कळत नाही? ठोके पडतात खरे, पण बटन चालू असेपर्यंतच. बटन बंद केले की सगळे ठप्प. पुन्हा चालू केल्यावर मध्ये पाच मिनिटे गेली की पाच वर्षे, याचा त्याला पत्ता नसतो. उर्दूत ‘कल’ या एकाच शब्दाने कालही सांगतात आणि उद्याही, बाकीच्या वाक्यावरून आपण अर्थ लावतो. या यंत्राजवळ ते बाकीचे वाक्यच नव्हते.

मग नोव्हेंबर १९९९मध्ये जपानात ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे दोन जोडखेळ आले. त्यांच्या कर्त्यांना खेळात सकाळ हवी होती, रात्र हवी होती, वार हवे होते. लोकांच्या हातातले लाखो गेम बॉय काही परत मागवता येत नव्हते. म्हणून घड्याळ यंत्रात न बसवता कॅसेटमध्ये बसवले. मला ही युक्ती फार आवडते. घराला खिडकी नाही, तर पाहुणाच कंदील घेऊन आला.

कॅसेट उघडली तर आत तीन गोष्टी दिसतात. एक मोजणी करणारी चिप, एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा तीन व्होल्टचा सेल आणि क्वार्ट्‌झचा बारीकसा स्फटिक. आपल्या मनगटावरच्या साध्या क्वार्ट्‌झ घड्याळात असतो, तसाच हा स्फटिक. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे पंधरा वेळा निम्मे करत गेलात तर बरोबर एक उरतो. तोच एक सेकंद. निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक चिपला सगळ्यात सोपे काम, म्हणून हा आकडा.

गंमत अशी, की या घड्याळाला ‘आत्ता किती वाजले’ हे कधीच ठाऊक नसते. किती वेळ गेला, एवढेच ते मोजते. खेळाच्या सुरुवातीला एक प्रोफेसर खेळाडूला विचारतात, किती वाजले? खेळाडू सांगतो ती वेळ आणि घड्याळातला आकडा यांच्यातला फरक खेळ लिहून ठेवतो आणि पुढे दर वेळी हिशेब करतो. काही घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवतात आणि घरातले प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करते, त्यातलाच हा प्रकार. दिवस मोजण्याची जागाही बेताचीच आहे. शून्यापासून ५११पर्यंत दिवस मोजले की पुन्हा शून्य. एक फेरी संपल्याची खूण राहते, पण दोन फेऱ्या झाल्या की तीन, ते त्याला सांगता येत नाही.

एवढ्याशा जोडणीने खेळाचा स्वभाव बदलला. घुबडासारखा एक प्राणी रात्रीच निघू लागला. एका गुहेतला जलचर फक्त शुक्रवारी दिसे. किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. झाडाचे फळ आज तोडले तर आणखी फळासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागे. कितीही चपळ बोटे असोत, शुक्रवार लवकर येत नाही. मुलांनी घड्याळ पुढे सारून ‘उद्या’ पळवू नये, याचीही तजवीज होती. वेळ पुन्हा लावायला सांकेतिक आकडा लागे आणि तो खेळाडूचे नाव, त्याचा क्रमांक आणि त्याच्याजवळचे खेळातले पैसे यांवरून ठरे.

एक उणीव मात्र मला जाणवते. या खेळात रात्र बरोबर सहाला पडते, बारा महिने. आमच्या मशिदीतल्या फळ्यावर मगरिबची वेळ डिसेंबरात सहाच्या सुमारास असते आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. खेळाला घड्याळ मिळाले, सूर्य नाही मिळाला. २००१ साली जपानात ‘निन्टेंडो ६४’साठी आलेल्या ‘दोबुत्सु नो मोरी’ या खेळाच्या कॅसेटमध्येही घड्याळ होते. त्यातल्या गावात ऋतू बदलत, हिवाळ्यात बर्फ पडे आणि बरेच दिवस तिकडे फिरकले नाही की गावात तण माजे. आपण नसतानाही गाव चालूच होते, हे त्या तणावरून कळे.

पण आपण नसताना चालायचे, तर कोणीतरी जागे राहायला हवे. ते काम त्या चपट्या सेलचे. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये खेळाडूची सारी नोंद, म्हणजे कुठवर पोचला, कोणते प्राणी जमवले हे सगळे, त्याच सेलच्या विजेवर टिकून असते. घड्याळ अखंड चालत असल्याने सेल लवकर झिजतो. तो संपला की घड्याळ थांबते आणि नोंदही पुसली जाते. २००२च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’मध्ये ही चूक सुधारली. तिथे नोंद विजेविना टिकणाऱ्या स्मृतीत असते. सेल संपला तर खेळ तसे सांगतो, घड्याळावरचे प्रसंग बंद पडतात, बाकीचा खेळ चालू राहतो. सेगा कंपनीच्या १९९४च्या ‘सॅटर्न’मध्ये घड्याळ यंत्रातच होते आणि मागचे झाकण उघडून सेल कुणालाही बदलता येई. तो मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

माझ्या भाच्याकडे त्याच्या अब्बांनी दुबईहून आणलेली ‘सिल्व्हर’ची कॅसेट आहे. तिचा सेल अजून जिवंत होता, पण किती दिवस? नुसता काढला असता, तर शाळेतल्या वयातली सगळी नोंद त्याच क्षणी गेली असती. म्हणून त्याने आधी एका वाचक उपकरणाने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग कॅसेटचा वेगळ्या धाटणीचा स्क्रू खास पान्याने काढला. सेल थेट सोल्डर करायचा नसतो, उष्णतेने तो खराब होतो. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल मिळतो, त्या पट्ट्यांना सोल्डर लावायचे. नोंद परत चढवल्यावर खेळाने त्याला वेळ नव्याने लावायला सांगितली. ती लावून झाल्यावर, जुने घड्याळजी घड्याळाच्या झाकणात कोरून ठेवत तशी, त्याने कॅसेटच्या आतल्या बाजूला सेल बदलल्याची तारीख लिहिली आणि स्क्रू आवळला.