मणक्यांकडे जाणारी आडवाट

पाठदुखीमागे बहुधा उसण भरलेला स्नायू किंवा झिजलेली चकती असते. मणक्यात उतरलेला कर्करोग त्या मानाने विरळा. पण स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, तर आधी शंका त्याचीच घ्यावी लागते.

रोग रक्तावाटे पसरतो, एवढ्याने कोडे सुटत नाही. प्रोस्टेटकडून निघालेले रक्त हृदयातून फुप्फुसांत जाते. म्हणजे पेशी तिथल्या बारीक जाळीत अडकायला हव्यात. प्रत्यक्षात कैक रुग्णांची फुप्फुसे स्वच्छ आणि कणा पोखरलेला आढळे. फिलाडेल्फियाचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी मृतदेहाच्या शिश्नावरील शिरेत एक्स-रेत उमटणारे द्रव्य सोडून पाहिले, तर ते कण्याभोवतीच्या शिरांत चढले. हे निष्कर्ष 1940 साली छापून आले. या शिरांना झडपा नसतात. खोकताना किंवा कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त हमरस्ता सोडून या आडवाटेला लागते. शिरांच्या या जाळ्याला नाव मिळाले बॅटसन यांचे. त्याची देखणी चित्रे फ्रान्सच्या जिल्बेर ब्रेशे यांनी शंभरेक वर्षे आधीच काढून ठेवली होती!

वाट सापडली तरी रोग रुजायला जमीन लागते. ‘बी आणि जमीन’ ही उपमा लंडनचे सर्जन स्टीफन पेजेट यांची. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी चाळून त्यांनी ती 1889 मध्ये मांडली. मणक्यातला मगज ही अशीच सुपीक जमीन. कर्कपेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींना चिथावतात आणि विरघळत्या हाडातून सुटणारी वाढद्रव्ये स्वतः खातात. पिकानेच जमीन उकरून खत काढावे, तसा हा प्रकार.

उसण आडवे पडल्यावर उतरते. मणक्यातल्या कर्करोगाचे दुखणे बऱ्याचदा आडवे पडल्यावर वाढते, रात्री झोपमोड करते. पाठीच्या मधल्या भागात ते विशेष आढळते. साधा एक्स-रे इथे फसवा, कारण हाडाचा मोठा हिस्सा गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही, एमआरआय लागतो. भारतात मणक्याचा टीबीही असाच भासतो, मात्र तो बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो आणि कर्करोग ती सहसा सोडून देतो. खात्री बायोप्सीनेच होते.

गाठीने मज्जारज्जू दाबला की पाय लुळावतात, बधिरपणा येतो, लघवी अडते. मग वेळ तासांत मोजायचा. स्टेरॉइड लगेच, त्यामागोमाग रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया. उपचार सुरू होताना चालता येत असेल, तर पुढेही चालत राहण्याची शक्यता बरीच जास्त असते. पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परततात.