येऊरचा वाघोबा पाहायला जाताना

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे राहतात आणि वारली लोकही. वारल्यांचा देव वाघोबा: लाकडावर नाहीतर दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारसेला त्याची पूजा होते.

मग ट्रेलला पाड्यातलाच वाटाड्या का घ्यायचा? वाट काय, मोबाईलही दाखवतो. पण चपला कुठे काढायच्या, फोटो चालेल का, हे पाड्यातलं माणूसच सांगणार. शिवाय मजुरी पाड्यातच राहते. तेव्हा वनखात्याची परवानगी घ्या, अंधाराआधी परता. आणि तो "इथं नको" म्हणाला, तर वाद घालू नका. देव त्यांचा आहे, आपण पाहुणे.