सव्वादोन मिनिटांचं ॲल्युमिनियम

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ध्रुव अणुभट्टी ८ ऑगस्ट १९८५ला क्रिटिकल झाली. तिचं नाव निघालं की लोकांना औषधी समस्थानिकं आठवतात. मला आवडते तिची न्यूमॅटिक कॅरियर सुविधा. चिमूटभर माती पुडीत सील करायची, पुडी ‘रॅबिट’ नावाच्या डबीत घालायची. हवेच्या दाबानं डबी नळीतून भट्टीत जाते, मिनिटभर न्यूट्रॉनचा मारा खाते नि परत येते. मग खरी धावपळ.

कारण मातीतलं ॲल्युमिनियम न्यूट्रॉन गिळून ॲल्युमिनियम-२८ होतं आणि त्याचं अर्धायुष्य २.२४ मिनिटं. धीमी लोकल घाटकोपरहून विक्रोळीला पोचेस्तोवर निम्म्याहून अधिक संपलेलं.

त्यातून निघणारे गॅमा किरण मोजणारा डिटेक्टर म्हणजे अतिशुद्ध जर्मेनियमचा स्फटिक, द्रव नायट्रोजननं थंड ठेवलेला, भोवती शिशाच्या विटा. पुडी समोर ठेवली की पडद्यावर १७७९ केईव्ही ऊर्जेला ॲल्युमिनियम-२८चा पीक, म्हणजे उंचवटा, भराभर चढतो. सॅम्पल फारच ‘गरम’ असेल तर डेड टाइम वाढतो: एक गॅमा मोजण्यात गुंतलेलं यंत्र पुढचे काही सोडून देतं. मग पुडी मागे सरकवायची. तेवढ्यातही सेकंद जातातच!

८४४ आणि ८४७ केईव्हीचे पीक तर अगदी खेटून असतात. पहिला मॅग्नेशियम-२७चा, दुसरा मॅंगनीज-५६चा. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर दोन्हींचं मिळून एकच टेकाड दिसतं. जर्मेनियमवर ते सुटे होतात, तरी मॅंगनीज भरपूर असेल तर धाकटा थोरल्याच्या पायथ्याशी दडतो. तिथे घड्याळ कामी येतं. अर्ध्या तासानं पुन्हा काउंटिंग घेतलं तर ८४४ नवव्या हिश्शावर उतरलेला, ८४७ जेमतेम ढळलेला. कारण अर्धायुष्यं ९.४६ मिनिटं आणि २.५८ तास. आणि १४६१चा पीक? तो पोटॅशियम-४०चा, मातीत आणि खोलीच्या भिंतींतही मुळातच असलेला. तो हलत नाही.

पण ऊर्जा जुळली, अर्धायुष्य जुळलं, म्हणून निर्धास्त होऊ नये. वेगवान न्यूट्रॉन सिलिकॉनवर आदळले तरी तेच ॲल्युमिनियम-२८ तयार होतं. तोच १७७९, तीच २.२४ मिनिटं, इथे घड्याळाचा काही उपयोग नाही. शुद्ध सिलिकॉन वेगळं भट्टीत पाठवून त्याचा वाटा काढावा लागतो. माती-वाळूत सिलिकॉन भरपूर असतं. तेव्हा या पद्धतीनं काढलेला ॲल्युमिनियमचा आकडा हाती आला, तर सिलिकॉनची वजावट केली आहे का, हे आधी विचारा.