मुंबईच्या नर्तकी : मुमताजची जबानी

गेल्या आठवड्यातील बावला-खुनाची हकिकत वाचून घाटकोपरच्या एका वाचकभगिनींनी विचारले आहे, की मुंबईचा धनिक व्यापारी बावला प्राणास मुकला, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांची गादी गेली, हे सर्व खरे. पण ज्या मुमताज बेगमपायी हे घडले म्हणतात, तिला स्वतःला काय हवे होते? हा प्रश्न मला इतका मोलाचा वाटतो, की अंधेरी-पार्ल्याच्या डान्सबारांचे कबूल केलेले प्रकरण मी पुढील खेपेवर ढकलीत आहे.

उत्तर तिच्या जबानीतच आहे. कोवळ्या वयात इंदूर दरबारच्या पदरी पडलेली ही नर्तकी, जडजवाहीर व दासदासी यांची वाण नसतानाही, अष्टौप्रहर चौकीपहाऱ्यात ठेवणाऱ्या त्या वैभवाला विटली होती. आपल्या पोटी आलेली मुलगी दायांनी मारली, असे तिने न्यायालयात सांगितले. आणि १९२४ साली मसुरीच्या प्रवासात ती दिल्लीच्या स्थानकावर जी उतरली, ती पुन्हा दरबारच्या लवाजम्यात गेली नाही. संस्थानिकाच्या मर्जीवर जिची उपजीविका, तिने त्याच्या माणसांसमोर दिलेला हा नकार मला या सबंध प्रकरणातील सर्वांत धाडसाचे कृत्य वाटते.

पुढे मुंबईस बावलाच्या आश्रयाला आलेल्या मुमताजला इंदुरास परत नेण्यासाठीच १२ जानेवारी १९२५ च्या सायंकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडविण्यात आली आणि बावलाचा खून झाला. गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी अवचित तेथे पोहोचले नसते, तर साक्ष देण्यास ती उरलीच नसती. चेहऱ्यावर शस्त्राचे घाव सोसलेली ही तरुणी पुढे मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यासमोर उभी राहिली. तिघा आरोपींना फाशीची शिक्षा झाली. आणखी एक आरोपी, इंदूरचे सरदार आनंदराव फणसे यांना जन्मठेप झाली; त्यांचे वकीलपत्र बॅरिस्टर जिना यांनी घेतले होते. या प्रकरणाच्या चौकशी आयोगाला सामोरे जाणे अथवा गादी सोडणे, असा पर्याय ब्रिटिश सरकारने पुढे ठेवताच महाराजांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतराव यांच्यासाठी राज्यत्याग केला.

शहराने मात्र तिची साक्ष विसरून तिचे रूपच तेवढे लक्षात ठेवले. कोहिनूर फिल्म कंपनीने खुनाच्याच वर्षी, १९२५ मध्ये, होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट या प्रकरणावरच काढला. मुमताजला या खुनाचे कारण म्हणणे माझ्या मते अन्यायाचे आहे. खुनाचे कारण म्हणजे तिच्यावर मालकी सांगणाऱ्यांची मगरुरी.

पुढील लेखांकात २००५ ची डान्सबारबंदी आणि ती घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा १६ जुलै २०१३ चा निकाल घेऊ. दरम्यान, बोरिवली, मुलुंड वा अन्यत्र ज्यांच्या घरी बावला खटल्याच्या काळातील मराठी वर्तमानपत्रांची कात्रणे असतील, त्यांनी मूळ प्रत आपल्यापाशीच ठेवून तिची नक्कल अगत्याने पाठवावी.